चाळिशी उलटल्यावर यंग अडल्ट कादंबऱ्या वाचणं विचित्र आहे का? माझ्याकडे नुकतीच आलेली सात पुस्तकं

तुम्ही विचारलंय की वय ३७ आहे, ऑफिसात डबा खाताना यंग अडल्ट, म्हणजे किशोरवयीन पोरांसाठी लिहिलेली कादंबरी वाचत बसलो की लोक हसतात, तर या वयात ही पुस्तकं वाचावीत का आणि सुरुवात कशाने करावी. मी तुमच्यापेक्षा मोठा, ४४ पूर्ण, राहतो मुलुंडला, ऑफिस फोर्टात, आणि गेल्या महिन्यात याच प्रकारातली सात पुस्तकं घरी आणलीत, त्यामुळे उत्तर द्यायचा हक्क आपल्याला आहे असं समजतो. हसणाऱ्यांचं सोडून द्या, ते डबा खाताना रील बघतात.

आधी सात पुस्तकं आली कशी ते सांगतो. पाच फोर्टातल्या फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून, ५८० रुपयांत, घासाघीस करून. एक नवीन कोरं, दुकानातून, ३९९ ला. आणि एक आमच्या इथल्या रद्दीवाल्याकडून ३० रुपयांत, त्याने वजनच केलं नाही, म्हणाला द्या काय द्यायचं ते. म्हणजे सगळं मिळून हजाराच्या थोडं वर. बायको म्हणाली एवढ्यात कुकर आला असता. आला असता, खरंय.

आता मी हे का वाचतो ते सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझं लहानपण लालबागचं. घराजवळच्या लायब्ररीत दोन कार्डं असायची, बालविभागाचं वेगळं आणि मोठ्यांचं वेगळं, आणि मधे काही नाही. आठवीपर्यंत मी फास्टर फेणे वगैरे सगळं संपवून, परत पहिल्यापासून वाचून, तिसऱ्यांदा मागायला गेलो तेव्हा लायब्ररीतल्या बाई वैतागल्या आणि म्हणाल्या अरे घोडा झालास, आता मोठ्यांच्यात जा. मोठ्यांच्यात गेलो आणि पहिलंच पुस्तक उचललं मृत्युंजय, का, तर जाड होतं. तीन आठवडे लागले, दंड भरला, कर्ण आवडला, पण माझ्यासारखा चौदा वर्षांचा, आवाज फुटलेला, कुणाशी धड बोलता न येणारा मुलगा त्या अख्ख्या विभागात कुठे होता का? असणार, पण मला कोणी दाखवला नाही. प्रकाश नारायण संतांचं वनवास १९९४ चं, म्हणजे मी तेव्हा बरोब्बर त्याच वयात, त्यातला तो पोरगा, लंपन, कुठेतरी फडताळात बसला असेल आणि मी तिकडे इंद्रप्रस्थात भटकतोय. बोकिलांची शाळा आली २००४ ला, तोवर मी नोकरीला लागलेलो. नववीतल्या पोराची ती गोष्ट मी तेविसाव्या वर्षी लोकलमध्ये उभ्याने वाचली आणि करी रोड निघून गेलं तरी कळलं नाही.

म्हणजे माझ्या वाचनात तो मधला कप्पा रिकामाच राहिला. तो मी आता भरतोय, एवढंच. तुमचाही राहिला असेल तर वयाचा विचार कशाला करताय?

आणि तसंही कप्पा ठरवतो प्रकाशक. द बुक थीफ घ्या, मार्कुस झुसाकचं. ऑस्ट्रेलियात २००५ ला ते मोठ्यांचं पुस्तक म्हणून आलं, अमेरिकेत गेल्यावर तेच पुस्तक, तीच वाक्यं, यंग अडल्ट झालं. मार्क हॅडनचं कुत्र्याच्या खुनावरचं पुस्तक आहे, द क्युरिअस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम, २००३ चं, ते तर इंग्लंडमध्ये एकाच वेळी दोन कव्हरांत काढलं, एक पोरांसाठी आणि एक मोठ्यांसाठी, आतला मजकूर सेम. तुमच्या ऑफिसातल्यांना हे सांगा, म्हणावं मी मोठ्यांचं कव्हर असलेलं वाचतोय.

बुक थीफचा किस्सा सांगायलाच हवा. नाझी जर्मनीतली लीझेल नावाची मुलगी, पुस्तकं चोरते, आणि गोष्ट सांगतो कोण, तर साक्षात मृत्यू. मला वाटलं होतं अंगावर येईल, पण हा मृत्यू भलताच दमलेला, कामाने पिचलेला वाटतो, शेवटच्या कर्जत लोकलच्या गार्डसारखा. मी रंगात आलो आणि पान १९२ नंतर एकदम २०९. मग २०९ ते २२४ झाल्यावर पुन्हा २०९ ते २२४. म्हणजे सोळा पानांचा एक अख्खा फर्मा गायब आणि पुढचा दोनदा शिवलेला, सॉरी, चिकटवलेला. तेव्हा नीट बघितलं तर कागद पातळ, छपाई झेरॉक्ससारखी, कव्हरवरची अक्षरं किंचित फुगलेली. पायरेटेड. पुस्तकचोराची गोष्ट, तीही चोरलेली! विकताना म्हणाला होता, साब ओरिजिनल है. परत घेऊन गेलो तर बिचाऱ्याने कुरकुर न करता दुसरी कॉपी दिली, आणि त्यातही तेच. एकाच गठ्ठ्यातली असणार, सगळ्यांचाच तेरावा फर्मा खाल्लेला.

याचा परिणाम असा झाला की त्यानंतर हॅडनचं उघडलं आणि पहिल्याच प्रकरणाचा नंबर २. पुढचं ३, मग ५, मग ७. म्हटलं झालं, हेही तसलंच. त्या फुटपाथवाल्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. मग थोडं पुढे गेल्यावर तो पोरगाच, क्रिस्टोफर, पंधरा वर्षांचा, सांगतो की मला मूळ संख्या आवडतात म्हणून प्रकरणांना तेच नंबर दिलेत. मी ठाणे स्टेशनला एकटाच हसलो. हे सातांतलं माझं सगळ्यात आवडतं, का ते सांगत बसत नाही, वाचा.

हंगर गेम्सबद्दल मला आधी अढी होती, कारण सिनेमाचे पोस्टर बघून वाटायचं धनुष्यबाण घेतलेली हिरॉइन, ठीकाय. सुझन कॉलिन्सने २००८ ला काढलं. वाचल्यावर कळलं की धनुष्यबाण राहू दे बाजूला, खरी गोष्ट धान्याची आहे. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा एक मुलगी चिठ्ठी काढून मरायच्या खेळात पाठवतात. बाराव्या वर्षी तुमची एक चिठ्ठी, तेराव्याला दोन, अशी वाढत जाते. पण घरात खायला नसेल तर जास्तीची चिठ्ठी टाकायची आणि त्या बदल्यात एका माणसाचं वर्षभराचं जेमतेम धान्य आणि तेल घ्यायचं, माणशी एक चिठ्ठी, आणि तीही पुढच्या वर्षात जमा होत राहते. म्हणून सोळा वर्षांच्या कॅटनिसच्या नावाच्या चिठ्ठ्या वीस, घरात तीन तोंडं म्हणून. तिचा मित्र गेल, त्याच्या बेचाळीस. श्रीमंताच्या पोराच्या पाच-सात. माझे वडील गिरणीत होते, १९८२ च्या संपात मी जेमतेम वर्षाचा, पण रेशनच्या दुकानात आईने काय काय लिहून दिलं, कुणाकडे काय गहाण ठेवलं हे ऐकत मोठा झालोय, त्यामुळे तो हिशेब मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. ते पान मी दोनदा वाचलं. पुढची मारामारी छान आहे, वेगवान आहे, पण माझं पुस्तक तिथेच होऊन गेलं होतं.

डायव्हर्जंट, व्हेरोनिका रॉथचं, २०११ चं, लिहिलं तेव्हा ती कॉलेजात होती. शिकागो शहर, पाच गट, सोळाव्या वर्षी आधी कल चाचणी आणि मग सगळ्यांसमोर आयुष्यभराचा गट निवडायचा, घरच्यांपेक्षा गट मोठा. लोक म्हणतात किती भयंकर कल्पना आहे. आपल्याकडे जूनमध्ये दहावीनंतर काय होतं मग? मला ६१ टक्के पडले आणि मामाने घरी येऊन सांगितलं, कॉमर्स. रक्त सांडायचं तेवढं बाकी होतं. पहिला भाग झकास, पुढचे दोन मी भाचीकडून आणून वाचले, तिसऱ्यात दोन जण आळीपाळीने 'मी' म्हणून बोलतात आणि कोण बोलतंय ते प्रकरणाचं नाव बघितल्याशिवाय कळत नाही. विकत घेऊ नका, तेवढे पैसे वाचवा.

बरं, हे प्रत्येक प्रकरण वेगळ्या माणसाकडे देणं आपल्याला काही नवीन नाही. मृत्युंजयमध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण असे सगळे आपापलं सांगतातच की. मी नवीन घेतलेलं पुस्तक म्हणजे ली बार्डुगोचं सिक्स ऑफ क्रोज, २०१५ चं, त्यातही प्रकरणांच्या डोक्यावर पात्रांची नावं आहेत, सहा पोरं मिळून एक अशक्य दरोडा घालायला निघतात, म्होरक्या काठी टेकत चालणारा. अर्ध्यावर आहे. नावं आणि गावं लक्षात ठेवायला पहिली पन्नास पानं जड जातात, मी बुकमार्कवर लिहून ठेवली.

मृत्युंजय १९६७ चं. आणि माझ्या ढिगातलं सगळ्यात जुनं, द आउटसायडर्स, तेही १९६७ चंच! हे मी कॉपीराइटचं पान बघताना लक्षात आलं आणि उगाच बरं वाटलं. एस. ई. हिंटन, मुलगी, पंधराव्या वर्षी लिहायला घेतलं आणि छापून आलं तेव्हा अठराची. नावाची फक्त आद्याक्षरं ठेवली, कारण प्रकाशकांना भीती की टोळ्यांतल्या पोरांची गोष्ट एका मुलीने लिहिलीय म्हटल्यावर परीक्षण लिहिणारे पुरुष गांभीर्याने घेणार नाहीत. छोटंसं आहे, मुलुंड ते सीएसएमटी जाऊन-येऊन तीन दिवसांत होतं. तुम्ही सुरुवात याने करा. मोठ्या माणसाने पोरांबद्दल लिहिलं की कुठेतरी उपदेशाचा वास येतोच, हिच्यात तो नाही, कारण ती अजून मोठी व्हायचीच होती. भाषा थोडी रडवेली आहे मधे मधे, पण पंधराव्या वर्षी आपण कुठे कोरडे होतो.

सातवं, रद्दीवाल्याचं, लोइस लोरीचं द गिव्हर. अजून उघडलं नाही, पावसाळ्यात ओल लागलेलं होतं म्हणून पंख्याखाली उभं करून ठेवलंय, कसर निघाली तर बाकीच्यांत जाईल ही भीती.

कुठून घ्यायची म्हणालात तर फाउंटन, नाहीतर माटुंग्याला किंग्ज सर्कलचा फुटपाथ. घेताना दोन गोष्टी करा, पानांचे नंबर सोळा-सोळाच्या उड्या मारत तपासा आणि मधलं एखादं पान उजेडासमोर धरा, मागची अक्षरं आरपार दिसली तर ठेवून द्या. नवीनच्या अर्ध्या किमतीला जुनी खरी कॉपी मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, पिवळी पडली असली तरी.

माझी ती सोळा पानं शेवटी भाचीने मिळवली, तिच्या शाळेच्या लायब्ररीतून. तिची आवृत्ती वेगळी, पान नंबर जुळेनात, मग मी १९२ चं शेवटचं वाक्य टाइप करून पाठवलं, तिने शोधलं आणि तिथून पुढचे नऊ फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकले. आठ स्पष्ट आलेत, तिसरा हललाय. 'मामा, परत काढते' म्हणालीय, सोमवारी लायब्ररीचा तास आहे.