शाळा बुडवणाऱ्या पोरीचं पुस्तक

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर आहे. यंदा शाळेला चित्रपुस्तकांचा संच भेट मिळाला. ग्रेटा थुनबर्ग, मलाला युसूफझाई, रूबी ब्रिजेस अशा लहान वयात लढलेल्या पोरींच्या गोष्टी, शिवाय ‘आपला वारसा’ म्हणून वेरूळ आणि पैठणी. ग्रेटाचं पुस्तक वाचून दाखवलं, तर चौथीतली एक मुलगी उठून म्हणाली, “सर, ही शाळा बुडवून बसली तर हिचं पुस्तक निघालं. आम्ही उसाला जातो तर आमची नुसती गैरहजेरी पडती.” मला उत्तर देता आलं नाही. ही पुस्तकं आमच्या लेकरांसाठी आहेत तरी का?
– एक शिक्षक, धारूर तालुका

उत्तर : सर, आधी त्या पोरीला माझ्याकडून शाबासकी द्या. ग्रेटाचं पुस्तक मी कितीदा तरी वाचून दाखवलंय, पण हा प्रश्न मला कधी सुचला नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये १५ वर्षांची ग्रेटा स्वीडनमधल्या स्टॉकहोमला संसदेसमोर हवामानबदलाविरुद्ध पाटी घेऊन बसली. पहिल्या दिवशी एकटीच. निवडणूक होईस्तोवर तीन आठवडे शाळेच्या वेळेत, आणि पुढं दर शुक्रवारी. पण तिला वर्गात परत जायचं म्हटलं तर जाता येत होतं. तुमच्या विद्यार्थिनीची शाळा उचलीपायी, म्हणजे मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ पैशांपायी सुटते. मायबापाचा कोयता (ऊसतोडीची जोडी) ठरला, मागं सांभाळायला म्हातारं माणूस नसलं, की लेकरू गाडीवर. हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तेव्हा समजावायला जाऊ नका. तिलाच विचारा : तू पाटी घेऊन बसली असतीस तर कुणाच्या दारात? मुकादमाच्या, कारखान्याच्या, का पंचायतीच्या? आणि पाटीवर काय लिहिलं असतंस?

नोकरीत असताना मी एकदा लेकरांकडून अशा पाट्या लिहून घेतल्या होत्या. बहुतेकांनी ‘शिक्षण आमचा हक्क’ लिहिलं, कारण ते भिंतीवर रंगवलेलं होतं. एकानं मात्र लिहिलं होतं, ‘आजीला चार महिने भाकर कोण देईल ते आधी सांगा.’ त्या दिवशी मी पुढचा धडा घेतला नाही.

पुस्तकं तुमच्या लेकरांसाठी आहेतच. फक्त त्यांची एक खोड आहे, शेवटच्या पानावर टाळ्या आणि बक्षिसं. ते पान उरकून टाका आणि मधल्या पानांवर रेंगाळा. रूबीचंच बघा. १४ नोव्हेंबर १९६० (आपल्याकडं त्या दिवशी बालदिनाची भाषणं चालली असतील) सहा वर्षांची ही काळी मुलगी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समधल्या गोऱ्यांच्या शाळेत गेली, सोबत सरकारी मार्शल. गोऱ्या आईबापांनी आपली मुलं काढून नेली. बार्बरा हेन्री नावाच्या बाईंनी मग वर्षभर त्या एकटीलाच शिकवलं. सगळ्या वर्गात एक बाई आणि एक पोर. तिथं थांबा आणि विचारा, मधल्या सुट्टीत ती कुणाशी खेळली असेल? आपल्या गावात कोण कुणाच्या घरचं पाणी पीत नाही, हे लेकरं आपोआप बोलायला लागतील. तेव्हा त्यांना गप्प करू नका.

संचात एक पोर नाही, याचा मला राग आहे. मुक्ता साळवे. मांग समाजातली, पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली. १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात छापून आला. वेदांवर आमचा हक्क नसेल तर आम्ही धर्मपुस्तकावाचूनच राहिलो की नाही, असा तिचा सडेतोड सवाल होता. रूबी शाळेत गेली त्याच्या शंभरावर वर्षं आधीची ही गोष्ट. आपल्याच मुलुखातलं हवं असेल तर १९३८ सांगा. निजामाच्या राज्यात वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणायचं सोडलं नाही म्हणून उस्मानिया विद्यापीठानं त्यांना काढून टाकलं, आणि कितीतरी जण नागपूरला जाऊन शिकले. शाळा सुटली आणि तरी शिकले, हे तुमच्या चौथीवालीला आवडेल.

आता वारसा. पैठणीला माझी ना नाही, पण तुमच्या वर्गात किती जणींच्या घरी ती आहे? बंजारा तांड्यावरची लेकरं असतील तर आजीचा आरशांचा फेट्या (घागरा) एक दिवस वर्गात येऊ द्या, आणि त्यावर आजीनं गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बोलीत बोलावं. वर्गातल्या बाकीच्यांना कळलं नाही तर तांड्यावरची लेकरं समजावतील. रोज त्यांना कुणी ना कुणी समजावत असतं, एक दिवस उलटं होऊ द्या.

आणि आमच्या अंबाजोगाईचा वारसा तर तुमच्या फार कामाचा आहे. दासोपंतांची पासोडी. सोळाव्या शतकातला हा माणूस, त्यानं पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांचा वेदान्तातला विचार लिहिला तो लांबच लांब कापडावर, आकृत्यांसकट. चाळीसेक फूट असेल. मला ती आठवली ती कोपीमुळं, ऊसतोडकऱ्यांच्या झोपडीमुळं. कागदी पुस्तक उसाच्या फडात टिकत नाही, दवानं ओलं होतं, नाहीतर चुलीत जातं. कापडाची मात्र गुंडाळी होते. दसऱ्याच्या आत मांजरपाटाच्या लांब पट्ट्या आणा, खळ लावून वाळवा. एकेका लेकराला वीतभर जागा. गेरू, हळद, कोळसा चालेल, फॅब्रिकचे रंग असले तर उत्तम. एका पट्टीवर मुक्ता, एकीवर रूबीचा रिकामा वर्ग, एकीवर तुमच्या पोरांच्या पाट्या. ज्वारीच्या धांड्यावर गुंडाळायची, सुतळीनं बांधायची. गाडी भरली की एक गुंडाळी गाडीवर, एक शाळेत. पाडव्याला टोळी परतली की दोन्ही जोडून बघा.

खर्चाचं म्हणाल तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रगोष्टी फुकट उतरवून छापता येतात. बालभारतीच्या ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंकही बघायला मिळतात.

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे. मलालाला गोळी लागली, हे तिला सांगावं का?
– एक आई, नांदेड

उत्तर : सांगा, पण ताई, सुरुवात गोळीनं नको. २००९ साली पाकिस्तानातली ११ वर्षांची मलाला ‘गुल मकई’ या टोपणनावानं बीबीसी उर्दूसाठी आपल्या शाळेची रोजनिशी लिहीत होती. तालिबान मुलींची शाळा बंद करणार म्हणून तिच्या मनात काय काय यायचं, ते आधी वाचा. २०१२ चा ऑक्टोबर नंतर, दोन वाक्यांत : परीक्षा देऊन गाडीतून घरी निघाली होती, तिच्यावर गोळी झाडली, ती वाचली. चित्रातलं रक्त बोटानं दाखवू नका. मुलगी विचारेल तेवढंच सांगा.

माझ्या नातीनं एवढं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग पेपर कसा गेला होता तिला?”