नव्या कॉइलची जळकट चव

ई-सिगारेटमध्ये (वेपमध्ये) नवी कॉइल, म्हणजे लिक्विडची वाफ करणारे तापत्या तारेचे वेटोळे, बसवल्यावर जळकट चव आली की नवशिक्यांचा पहिला संशय लिक्विडवर जातो. माझ्या अनुभवात मात्र दोष बहुधा कॉइलमध्ये भरलेल्या, लिक्विड शोषणाऱ्या कापसाचा असतो. ३ मिलिमीटर व्यासाच्या कॉइलमधून कापूस ओढताना तो किंचित अडखळावा, पण कॉइल वाकू नये. दाटून भरलात तर लिक्विड पुरेसे चढत नाही आणि धागे करपतात, सैल ठेवलात तर गळती होते. कापूस घालण्यापूर्वी कमी वॉटवर तार तापवून पाहा: कँथल या मिश्रधातूच्या तारेचे वेढे मधून बाहेर एकसारखे लाल व्हायला हवेत. मेकॅनिकल मॉड, म्हणजे बॅटरी थेट कॉइलला जोडणारे वेप, मात्र आत्ता घेऊच नका, हे कळकळीने सांगतो, कारण ४.२ व्होल्टपर्यंत भरलेल्या बॅटरीतून ०.२ ओहमची कॉइल सुमारे २१ अँपिअर प्रवाह ओढते आणि तो रोखणारे सर्किट त्यात नसते.