बोई खोऱ्यात किमान तीन रात्री काढा

तुमचा प्रश्न असा आहे की, जूनअखेरीस आई-वडिलांना घेऊन बार्सिलोनात असताना पिरेनीज पर्वतातील बोई खोऱ्याची जुनी चर्च एका दिवसात गाडीने पाहून परतता येईल का आणि साठी ओलांडलेल्या, शाकाहारी माणसांना ही सहल झेपेल का. मी त्या खोऱ्यात दोनदा जाऊन राहिलो आहे, म्हणून स्पष्टच सांगतो: झेपेल, पण एका दिवसात करू नका. जाण्यालाच साधारण चार तास लागतात. तेवढेच परतीचे धरले, तर हाती येतील ती चर्चच्या दारात घाईने काढलेली छायाचित्रे. तिथे किमान तीन रात्री काढा.

खोऱ्यातील नऊ वास्तूंना युनेस्कोने 2000 साली जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांपैकी आठ ही गावांमधली चर्च आहेत आणि नववी दुर्रो गावाच्या वर डोंगरउतारावर एकटी उभी असलेली छोटी प्रार्थनावास्तू. त्यांतले एकेक चर्च सुटे पाहिले तर साधेच वाटते. दगडी भिंती, पाटीच्या दगडाचे छप्पर आणि उंच चौकोनी मनोरा, एवढेच. मात्र एका गावाच्या मनोऱ्यापाशी उभे राहून दरीपलीकडच्या गावाचा मनोरा दिसू लागला, आणि तिकडे जाणाऱ्या जुन्या पायवाटेने आपण चालू लागलो, की ही सगळी चर्च एकाच समाजाने एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात उभारली आहेत, हे चालता चालता कळत जाते. गाडीतून हे कळत नाही, म्हणून माझा मुक्कामाचा आग्रह आहे.

मुक्काम बोई गावात करावा, असे मी सुचवेन. तेथून एरिल ला वाल हे गाव समोरच्या उतारावर आहे. नदीपर्यंत उतरून पुन्हा थोडे चढले की अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येते. खोऱ्याचे माहिती केंद्र एरिलमध्येच असल्याने पहिली सकाळ तिथे घालवा. वरच्या ताउल गावाची वाट चढाची आहे. आईंचे गुडघे दुखत असतील तर तिथपर्यंत गाडीने जावे आणि उतरताना चालावे. दुर्रोला मला बोईहून चालत दीड तास लागला होता. आई-वडिलांनी तिथे गाडीनेच जावे, पण जावेच, कारण खोऱ्यातील सर्वांत शांत गाव मला तेच वाटले.

ताउलच्या सांत क्लिमेंत चर्चला मात्र भरपूर वेळ द्या. त्याचे अभिषेकपूजन 10 डिसेंबर 1123 रोजी झाले. आतल्या एका खांबावर रंगाने लिहिलेल्या लेखामुळे ही तारीख आपल्याला माहीत आहे. त्याच गावातील सांता मारियाचे अभिषेकपूजन दुसऱ्याच दिवशी झाले. सांत क्लिमेंतमधील ख्रिस्ताचे प्रसिद्ध भित्तिचित्र आता तिथे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी परदेशी व्यापारी अशी चित्रे विकत घेऊ लागले. स्पेनच्या याच कॅटलोनिया प्रांतातल्या मूर येथील चित्र तर अमेरिकेत बोस्टनला गेले. तेव्हा 1919 ते 1923 या काळात बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने इटालियन कारागिरांकरवी बोई खोऱ्यातील चित्रे भिंतींवरून सोडवून शहरात नेली. चित्रावर सरसाने कापड चिकटवायचे, ते सुकले की रंगाच्या पातळ थरासकट सोलून काढायचे, अशी ती रीत होती. आज चर्चमध्ये अंधार करून मूळ जागीच ते चित्र प्रकाशझोताने उमटवतात. कोऱ्या भिंतीवर आधी रेषा येतात, मग निळा आणि तांबडा रंग भरत जातो, आणि शेवटी ख्रिस्ताच्या हातातील पुस्तकावर ‘मी जगाचा प्रकाश आहे’ या अर्थाची लॅटिन अक्षरे दिसतात. मी तो खेळ दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा डोळे भरून आले.

एक दिवस आइगुएस्तोर्तेस राष्ट्रीय उद्यानासाठी ठेवा. खासगी गाड्यांना आत प्रवेश नाही. बोईच्या चौकातून उद्यानाच्या जीप-टॅक्सी सुटतात. वर सपाटीवर नदीचे अनेक नागमोडी प्रवाह होतात आणि फळ्यांच्या वाटेवरून वडीलधाऱ्यांनाही त्यांच्या काठाने आरामात फिरता येते. शिवाय जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत खोऱ्यातील गावे वेगवेगळ्या रात्री ‘फाल्येस’ हा मशालींचा सण साजरा करतात. गावकरी पेटत्या मशाली घेऊन डोंगरावरून ओळीने गावात उतरतात. तुमच्या तारखांना कोणत्या गावची रात्र येते, हे आधी विचारून घ्या.

जेवणाबाबत सावध राहा. पहिल्या खेपेस आम्ही रविवारी दुपारी चारला पोहोचलो. जेवणाची वेळ उलटून गेलेली, दुकाने बंद, आणि रात्रीचे जेवण साडेआठनंतर. तोवर आम्ही बिस्किटांवर राहिलो. वाटेतल्या ल्येइदा शहरातून किंवा एल पोंत दे सुएर्त गावातून फळे, पाव आणि चीज घेऊनच वर जा. नुसते ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही, कारण भाजीतही डुकराच्या मांसाचे तुकडे घालण्याची पद्धत आहे. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’ (मांस नको, मासे नकोत, हॅम नको) असे तिन्ही स्पॅनिशमध्ये सांगावे. टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल घातलेला पाव आणि भाजलेल्या वांगी-मिरचीची एस्कालिवादा बहुतेक ठिकाणी मिळते.

गाडी चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्या. गाडी नको असेल तर बार्सिलोना ते ल्येइदा वेगवान रेल्वेने सुमारे तासाभरात जाऊन पुढे बस घ्यावी. फेऱ्या मोजक्याच असल्याने वेळापत्रक पाहूनच रेल्वेचे तिकीट काढा.

मूळ भित्तिचित्रे बार्सिलोनात मोंजुइक टेकडीवरील राष्ट्रीय कला संग्रहालयात आहेत. तिथे खोऱ्यातून परतल्यावरच जा, आधी नको. रिकामी भिंत पाहून आल्यावर त्या चित्रापुढे आई-वडिलांना अर्धा तास बसू द्या.