तंजावरला दोन दिवस: बारा ते चारचं गणित आधी सोडवा

प्रश्न असा आहे: सत्तरीतले आईवडील बरोबर, डिसेंबरच्या शेवटी दोन दिवस, मोठं देऊळ आणि मराठ्यांच्या खुणा बघायच्या, जेवण शाकाहारी. वेळ चांगली निवडली आहे. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत तिकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो, आणि एप्रिलपासून ऊन सोसत नाही.

सगळ्यात आधी हे पक्कं करा की मंदिरं साधारण बारा-साडेबाराला बंद होतात ती चारला उघडतात. आपल्याकडून गेलेली माणसं नऊला नाश्ता, दहाला निघणं असं करतात आणि बरोबर दार लागायच्या वेळी पोचतात. दुपारी उघडा राहतो तो राजवाडा, तेव्हा तो दुपारसाठीच ठेवा.

मुंबई-पुण्याहून चेन्नई, तिथून रात्रीची गाडी, पहाटे तंजावर हा सोपा मार्ग. तंजावरच्या गाड्या सहसा चेन्नई सेंट्रलवरून नाही, एग्मोरवरून सुटतात. मेट्रोने मधे एकच स्टेशनचं अंतर आहे, पण सामान आणि म्हातारी माणसं धरून तासभर हाताशी ठेवा. कधी गाडी दुसऱ्या स्टेशनवरून सोडतात, म्हणून तिकिटावरचं नाव वाचा. विमानाने यायचं तर तिरुचिरापल्ली, पुढे साठेक किलोमीटर. बसने आलात तर नवा बसस्टँड गावाबाहेर आहे. मुक्काम जुन्या बसस्टँडच्या किंवा रेल्वे स्टेशनच्या आसपास घ्या, तिथून देऊळ आणि राजवाडा दोन्ही जवळ. रिक्षा मीटरवर धरू नका, बसायच्या आधी भाडं ठरवा. हिंदी फारशी चालत नाही, मोडक्या इंग्रजीने काम होतं.

बृहदीश्वराला, म्हणजे मोठ्या देवळाला, तिथल्या भाषेत पेरिय कोविलला, सकाळी सहा-साडेसहाला जा. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि अंगण सगळं दगडी. नऊनंतर दगड तापायला लागतो, अकराला पाय टेकवत नाही. जाड मोजे चालतात, आईवडिलांसाठी दोन जोड बरोबर घ्या. हाफ पँट नको. गाभाऱ्यात फोटो नाही. राजराज चोळाने १०१० मध्ये पुरं केलेलं हे देऊळ, विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, २१६ फुटांचं. त्याची सावली जमिनीवर पडत नाही असं कोणी गाइड सांगू लागला तर नुसतं हसा; सकाळी सातला ती अंगणभर पसरलेली दिसते. समोरचा नंदी चोळांचा नाही, नंतरच्या नायक राजांच्या काळातला आहे.

मराठी माणसासाठी खरी गोष्ट मागे आहे. बहुतेक लोक गाभाऱ्याचं दर्शन घेऊन परत फिरतात. तुम्ही प्रदक्षिणेच्या ओवऱ्यांतून नैऋत्य कोपऱ्याकडे जा. तिथे भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला. त्याच कोपऱ्यातलं गणपतीचं देऊळही सरफोजींच्या काळात नव्याने उभं राहिलं. संध्याकाळी विमानावर दिवे लागतात तेव्हा पुन्हा या, पण त्या दिवशी प्रदोष नाही ना हे कालनिर्णयमध्ये बघून. प्रदोषाला नंदीच्या अभिषेकासाठी एवढी गर्दी लोटते की वयस्कर माणसांना उभं राहणं अवघड जातं.

देवळाजवळ शिवगंगा तळ्याच्या काठी १७७९ चं श्वार्ट्झ चर्च आहे. आत संगमरवरी शिल्पात मरणशय्येवरचा मिशनरी श्वार्ट्झ आणि त्याचा हात धरलेले सरफोजी दिसतात. उघडं मिळालं तर दहा मिनिटं द्या.

राजवाड्यात एका तिकिटात सगळं होत नाही. दरबार हॉल, कलादालन, सरस्वती महाल या जुन्या ग्रंथालयाचं संग्रहालय यांचा हिशेब वेगळा. सुटे पैसे ठेवा. सरस्वती महाल बुधवारी बंद असतो आणि जेवणाच्या वेळेतही थोडा वेळ बंद होतो. हस्तलिखितं चाळायला मिळत नाहीत, मांडलेली तेवढी बघायची. तिथल्या विक्री काउंटरवर मराठी पुस्तकं आहेत का ते जरूर विचारा. वेळ कमी असेल तर बाकीचं सोडा, पण कलादालनातली कांस्यमूर्ती सोडू नका: ऋषभवाहन शिव, तिरुवेंकाडूहून आलेला, १०११ च्या सुमाराचा. केसांचं पागोटं बांधल्यासारखं, आणि उजवा हात बैलावर टेकलेला. बैल मात्र हरवलाय. हात हवेतच, तरी रेलण्यातला सैलपणा तसाच.

दुसऱ्या दिवशी गाडी करून सकाळी लवकर दारासुरमचं चोळकालीन ऐरावतेश्वर देऊळ, मग तिथून चार किलोमीटरवर कुंभकोणम. चोळांचंच दुसरं मोठं देऊळ असलेलं गंगैकोंडचोळपुरम त्यात कोंबू नका, ते कुंभकोणमहून आणखी पस्तीसेक किलोमीटर, आणि पोचेपर्यंत दार बंद. दारासुरमचा पुढचा भाग खोलगट आहे, पाऊस झाला असेल तर पाणी साचतं.

आता जेवण. 'मील्स' म्हणजे पानावरचं जेवण फक्त दुपारी, साडेअकरा ते तीनच्या आत. साडेतीनला गेलात तर 'टिफिन', म्हणजे इडली-डोसाच मिळेल. पानाचं निमुळतं टोक तुमच्या डाव्या हाताला. पान आपणच पाणी शिंपडून पुसायचं. भाज्या वरच्या अर्ध्यात, भात खालच्या. आपल्या लोकांची चूक ही की पहिल्याच वाढीला सगळ्या भातावर सांबार ओततात. भात तीनदा येतो: सांबाराबरोबर, मग वत्तकुळंबू (चिंचेची दाट आमटी) किंवा रसमबरोबर, शेवटी दही किंवा ताकाबरोबर, म्हणून दरवेळी थोडाच घ्या. 'पोदुम', म्हणजे पुरे, म्हटलं की वाढपी थांबतो. झाल्यावर पान आपल्याकडे दुमडायचं.

'पिटलै' दिसलं तर नाव ऐकून बेसनाची अपेक्षा ठेवू नका. ती चिंच, खोबरं आणि तूरडाळीची दाट आमटी. सांबार संभाजीवरून पडलं ही कथा सगळे सांगतात, पुरावा नाही. इडलीबरोबर 'कडप्पा' विचारा: बटाटा आणि मुगाच्या डाळीचा पातळसर रस्सा, या भागाची खासियत, बरेचदा ठरावीक दिवशीच करतात. तिरुवैयारू तेरा किलोमीटरवर, तिथला अशोका हलवा मुगाच्या डाळीचा, तुपाने हात माखेल असा. शंभर ग्रॅम दोघांत पुरतो. कॉफी पितळी पेल्यात, वाटीसारख्या डबऱ्यात ओतून प्यायची. साखर आधीच घातलेली असते, वडिलांना मधुमेह असेल तर 'शुगर इल्लाम' असं ऑर्डर देतानाच सांगा.

डोलणारी बाहुली घेणार असाल तर टेबलावर आडवी पाडून बघा. बुडाशी वजन नीट असेल तर झटकन उभी राहते. नुसती लोळत राहिली तर दुसरी मागा. तंजावर चित्राला सोन्याचा वर्ख खरा आहे का हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून रस्त्यावर महाग चित्र घेऊ नका. तमिळनाडू सरकारच्या पूम्पुहार दुकानात भाव ठरलेले असतात. काचेची फ्रेम तिथे करू नका, ती घरी आल्यावर.