बाजार पडण्याची वाट बघताना

प्रश्न : वय 42, सांगली, खासगी नोकरी. पत्नी गृहिणी, दोन मुलं शाळेत. घरखर्च महिना 45 हजार, गृहकर्ज बाकी 22 लाख, व्याज साडेआठ टक्के. जमीन विकून आलेले 12 लाख तीन वर्षं बचत खात्यात आहेत. शेअर बाजार पडला की म्युच्युअल फंडात घालणार. 2020 मध्येही थांबलो होतो. आता घालू की थांबू? जाता जाता : तीन पॉलिसी आहेत, हप्ता वर्षाला 1.10 लाख, विमा एकूण 16 लाख. टर्म विम्याचं पुढच्या वर्षी बघू. हल्ली शुगर थोडी वाढलीय, एजंट म्हणतो फॉर्मवर लिहू नका.

उत्तर : खात्यात तीन टक्के घेता आणि कर्जावर साडेआठ भरता. 12 लाखांवर हा फरक वर्षाला 66 हजार, तीन वर्षांत जवळपास दोन लाख. मार्च 2020 मध्ये सेन्सेक्स 26 हजारांखाली गेला, तरी तुम्ही थांबलातच. नोव्हेंबरपर्यंत तो नव्या उच्चांकावर होता. पुढच्या पडझडीत तुमचा हात सुटेल, असं मला वाटत नाही.

हे दोन लाख भरून निघतील. 'जाता जाता' लिहिलेलं मात्र गंभीर आहे. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर विम्याचे 16 आणि खात्यातले 12 मिळून 28 लाख. कर्ज फेडून उरले सहा. घर जेमतेम वर्षभर चालेल. आणि एवढ्यासाठी वर्षाला 1.10 लाख! मार्चअखेर करबचतीच्या नावाखाली गळ्यात मारतात त्याच या पॉलिसी. नव्या करप्रणालीत तर 80सीची, म्हणजे अशा हप्त्यांवरची, करवजावटही नाही.

एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, तुमच्या वयाला साधारण 20-25 हजारांत मिळतो, शुगरमुळे थोडा महाग. सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटीही नाही. शुगर औषधावर गेली तर हप्ता आणखी चढेल, कदाचित कंपनी नाहीच म्हणेल. म्हणून अर्ज याच आठवड्यात करा आणि शुगर रिपोर्टसकट लिहा. एजंटचं अजिबात ऐकू नका. माहिती दडवली म्हणून पहिल्या तीन वर्षांत दावा नाकारला जाऊ शकतो, आणि तेव्हा भांडायला तुम्ही नसाल.

टर्म हातात येईपर्यंत जुन्या पॉलिसींना हात लावू नका. मग तिन्हींची सरेंडर (पॉलिसी मोडली तर मिळणारी) आणि पेड-अप (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर पुढे मिळणारी) रक्कम लेखी मागवा. बहुधा पेड-अप करणं बरं पडेल. 12 पैकी चार लाख अडीअडचणीला एफडीत, आठ कर्जात. व्याजदर फ्लोटिंग, म्हणजे बदलता, असेल तर मुदतीआधी फेडल्याचा दंड लागत नाही. वाचलेल्या हप्त्यातून महिना सात हजारांची एसआयपी, म्हणजे फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक, सुरू करा, सेन्सेक्स तेव्हा कितीही असो.