हिवाळ्यात ग्रॅव्हल सायकलिंगची, म्हणजे खडी-मातीच्या कच्च्या वाटांवरची, ट्रिप करायची आहे. कमी, मध्यम आणि जास्त बजेटमध्ये कुठे जावं, आणि त्यासाठी नवी सायकल घ्यावी का?

नवी सायकल घेऊ नका. हे आधी सांगते, कारण याच मुद्द्यावरून माझं आणि माझ्या मावसभावाचं वर्षानुवर्षं वाजतंय. दादाचं म्हणणं, ग्रॅव्हल हा पैसेवाल्यांचा खेळ, हिवाळ्यात तर जास्तच. कार्बन फ्रेम हवी, इलेक्ट्रॉनिक गिअर हवेत, मागे सपोर्ट व्हॅन हवी, नाहीतर गपचूप घरी ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर, बसावं. माझी जुनी स्टीलची सायकल, केबलवाले गिअर, पुढे पेडलपाशी एकच चेनरिंग (दातेरी चकती), पण फ्रेममध्ये ५० मिमीचा टायर बसतो. मी ४५ मिमीचे ट्यूबलेस टायर घालते आणि उरलेली जागा मुद्दाम रिकामी ठेवते.

ती रिकामी जागा कशासाठी ते सांगते. जानेवारीत आम्ही दोघं दक्षिण स्पेनमध्ये अल्मेरियाला गेलो होतो, ताबेर्नासच्या वाळवंटाच्या बाजूला. तिकडे पावसाळी नद्यांची कोरडी पात्रं आहेत, रांब्ला म्हणतात त्यांना, त्यातूनच सायकल चालवायची. दुपारी १६-१७ डिग्री, स्वच्छ ऊन, हिवाळ्यात याहून चांगलं काय पाहिजे. पण आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला आणि पात्रातून वर येणाऱ्या वाटेवर नुसती चिकण माती. ती टायरला चिकटते, तिच्यावर बारीक खडी चिकटते आणि तो थर फ्रेमला घासायला लागतो. दादाच्या फ्रेममध्ये टायर जेमतेम बसलेला, त्यामुळे चाक फिरेचना. काडीने खरवडायचं, थोडं पुढे जायचं, परत तेच. शेवटी वैतागून त्याने जोरात पेडल मारलं आणि मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, थेट चाकात ओढला गेला. डिरेलर फ्रेमला धरून ठेवणारी पट्टी, म्हणजे हँगर, तिचे दोन तुकडे.

स्पेअर हँगर नव्हता, आणि त्याच्या फ्रेमचा हँगर दुसऱ्या कुठल्या फ्रेमचा चालत नाही. माझ्या बॅगेत चेन ब्रेकर आणि क्विक लिंक (चेन परत जोडायची कडी) असतेच. डिरेलर काढला, चेन तोडून छोटी केली आणि मागे मधल्या कॉगवर (दातेरी चक्रावर) चढवून सिंगल स्पीड करून दिली. बरोबर ताण येईल असा कॉग शोधायलाच वेळ गेला, एकावर चेन लोंबते तर पुढच्यावर इतकी ताठ की क्रँक हलत नाही. तो महागडा डिरेलर हँडलबारच्या बॅगेत टाकून आम्ही हळूहळू डांबरी रस्त्याला लागलो. दादा अजूनही म्हणतो की ते नशीब होतं. नशीब नाही, टायर आणि फ्रेममध्ये मोकळी जागा, म्हणजे क्लिअरन्स, नव्हता.

आता तुमचा प्रश्न. कमी बजेट असेल तर स्पेनचे व्हिया व्हेर्दे बघा, बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर केलेल्या वाटा, सगळ्या मिळून ३,००० किमीच्या वर. रेल्वेचाच मार्ग, त्यामुळे चढ सौम्य, सामान लादून आरामात जाता येतं. दक्षिण स्पेनच्या अंदालुसियातला व्हिया व्हेर्दे दे ला सिएरा ३६ किमीचा आहे आणि त्यात ३० बोगदे आहेत, लाइट विसरू नका. तिथल्याच खाएन शहराकडून निघणारा व्हिया व्हेर्दे देल आसेइते १२८ किमी, दोन-तीन दिवस मस्त जातात. मध्यम बजेटला अल्मेरियाच, एका ठिकाणी किचनवाली खोली घ्यायची आणि रोज वेगळा लूप मारायचा. पैसे भरपूर असतील तर ग्रान कनारिया हे स्पेनचं अटलांटिकमधलं बेट, तिथे डिसेंबरातही दहा तासांच्या वर उजेड मिळतो आणि सायकल भाड्याने मिळते म्हणजे विमानात बॉक्स न्यायचं टेन्शन नाही. नाहीतर सरळ न्यूझीलंड गाठा, तिकडे तेव्हा उन्हाळा असतो, ओटागो सेंट्रल रेल ट्रेल १५२ किमी. मोरोक्कोही छान आहे पण उंच खिंडींत बर्फ असू शकतो, दक्षिणेकडच्या डोंगररांगेच्या, म्हणजे अँटी अ‍ॅटलसच्या बाजूला राहा.

बजेट कुठलंही असो, पैसे आधी टायर, हातमोजे आणि लाइटवर घाला. हिवाळ्यात चढताना घाम येतो आणि उतारावर तोच घाम गारठवतो, म्हणून माथ्यावर थांबून आतला बनियन बदलायचा, मग विंडशीटर. लाइटची बॅटरी थंडीत लवकर उतरते, इलेक्ट्रॉनिक गिअरचीही, तेवढं धरून चार्जिंगचा हिशोब करा.

आणि हो, व्हॅनवाल्या गायडेड टूर वाईट असतात असं मी म्हणत नाहीये. पंक्चर काढता येत नसेल, एकटे जात असाल, तर खुशाल घ्या, पण सायकलवर उधळून मग टूरला पैसे उरले नाहीत असं करू नका. हल्ली बऱ्याच नव्या फ्रेमना युनिव्हर्सल हँगर येतो, तो शोधायला सोपा, तरी एक जवळ हवाच. पावसाचा अंदाज असेल तर रांब्लात अजिबात उतरायचं नाही, वर डोंगरात पाऊस पडला की खाली अचानक लोंढा येतो. तारखा हातात असतील तर नाताळ ते नवं वर्ष सोडून जानेवारीच्या मध्यानंतरच्या बघा, तीच खोली बरीच स्वस्त पडते.