घरगुती डीटीएच बॉक्सवरून गावभर केबल चालवणे गुन्हा आहे का?

गावातील केबलचालक घरगुती डीटीएचचे बॉक्स जोडून सगळ्या गावाला वाहिन्या दाखवत असेल तर तो गुन्हा ठरतो का आणि पाहणारेही त्यात अडकतात का, असे आपण विचारले आहे. चालकापुरते उत्तर स्पष्ट आहे: हा गुन्हाच आहे. घरगुती जोडणी एका कुटुंबासाठी असते. तिचा सिग्नल मॉड्युलेटरमधून (सिग्नल केबलवर चढवणाऱ्या यंत्रातून) गावभर पुरवून दरमहा पैसे घेणे हे कॉपीराइट अधिनियम, 1957 च्या कलम 37 ने वाहिनीला दिलेल्या अधिकाराचे उल्लंघन आहे. कलम 63 नुसार त्याला 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे.

औसा तालुक्यात, सेट-टॉप बॉक्सची सक्ती येण्यापूर्वी, मी केबलचा व्यवसाय करत असे. मुख्य डाकघरातील नोंदणी, सशुल्क वाहिन्यांचे करार, त्यांचे रिसीव्हर आणि कार्डे हा सगळा खर्च धरून मला दर ठरवावा लागे. शेजारच्या गावातील एका चालकाने नातेवाइकांच्या नावांवर घरगुती बॉक्स घेऊन एका खोलीत मांडले आणि माझ्यापेक्षा निम्म्या दरात केबल सुरू केली. त्याच्या ग्राहकांच्या पडद्यावर मधूनच आकड्यांची रांग उमटे. सिग्नल कोणत्या बॉक्समधून फुटतो हे कंपनीला ओळखता यावे, यासाठीच तो क्रमांक दाखवला जातो. कंपनीने एक बॉक्स बंद केला की हा दुसरा लावी. मी पोलिसांकडे गेलो, तेव्हा हा तुमच्या धंद्यातील वाद आहे, दिवाणी न्यायालयात जा, असे मला सांगण्यात आले. ते साफ चूक होते. कलम 63 खालील गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी न्यायालयाच्या आदेशाशिवाय थेट नोंदवून तपासायचा, आणि अजामीनपात्र आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये निट प्रो इंटरनॅशनलच्या प्रकरणात स्पष्ट केले. माझे जाळे तोवर विकले गेले होते.

पोलिसांपेक्षा मला आमच्या दाजींचे बोलणे अधिक लागले. पेशाने शिक्षक असूनही त्यांनी त्याच चालकाची जोडणी घेतली आणि घरच्या कार्यात चारचौघांत मला ऐकवले की, सिग्नल पावसासारखा आकाशातून पडतो, ज्याच्या अंगणात पडला त्याचा, त्याचे पैसे कसले मागता! आमच्या दुष्काळी भागात हा दाखला सर्वांना लगेच पटला. पाऊस कोणी खर्च करून पाडत नाही. चित्रीकरणाचा आणि उपग्रहावरील ट्रान्सपॉन्डरचा (सिग्नल परत पाठवणाऱ्या उपकरणाचा) खर्च मात्र कोणीतरी उचललेला असतो. दाजींचा दुसरा मुद्दा असा की, दूरदर्शनवर क्रिकेटचा सामना फुकट दिसतो, मग केबलवर का नाही? राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडा स्पर्धांचे थेट प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला देण्याची सक्ती 2007 च्या कायद्याने केली हे खरे. परंतु असे मिळालेले प्रक्षेपण प्रसार भारतीने स्वतःच्या भूप्रसारणावर (साध्या अँटेनावर दिसणाऱ्या प्रक्षेपणावर) आणि फ्री डिश या स्वतःच्या मोफत डीटीएच सेवेवरच दाखवावे, खासगी केबलचालकांना ते मिळणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2017 मध्ये दिला. म्हणजे जे घरी फुकट पाहता येते, तेही गावाला वाटण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. दाजी हे वाचत असतील तर बरेच.

आता पाहणाऱ्यांविषयी. आपल्या घरात बसून पाहणाऱ्या ग्राहकावर कारवाई झालेली माझ्या पाहण्यात नाही. कायद्याचा रोख पुनःप्रसारण करणाऱ्यावर आहे. हॉटेल किंवा मंगल कार्यालयात पैसे घेऊन सामना दाखवणाऱ्याने मात्र स्वतःला साधा ग्राहक समजू नये. आणखी एक सांगायचे राहिले: केबल दूरचित्रवाणी अधिनियम, 1995 मधील कैदेची तरतूद 2023 च्या जनविश्वास कायद्याने काढली आहे, त्यामुळे चालक तुम्हाला "आता शिक्षा राहिलेली नाही" असे सांगू शकतो, कॉपीराइट कायद्यातील कैद मात्र कायम आहे. तक्रार करायची असल्यास पडद्यावरील क्रमांकाचे छायाचित्र डीटीएच कंपनीला पाठवा आणि पोलिसांकडील लेखी अर्जात 2022 च्या निकालाचा उल्लेख करून पोच घ्या.